ताबा आणि माघार

लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय हा आदेश ‘के’ हा पर्याय जोडून द्या. पीसीआय बसला जोडलेल्या उपकरणांची यादी येते आणि बहुतेक उपकरणांखाली आणखी दोन ओळी दिसतात. पहिल्या ओळीत सध्या वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव असते. दुसऱ्या ओळीत, ते उपकरण चालवू शकतील अशा, या यंत्रावरच्या सगळ्या मॉड्यूलांची नावे असतात. वायफाय, यूएसबी कंट्रोलर वगैरेंपाशी दोन्ही ओळींत बहुधा एकच नाव असते, त्यामुळे नजर पुढे सरकते. ध्वनीच्या उपकरणापाशी मात्र थांबावे. अलीकडच्या काळातला इंटेलचा लॅपटॉप असेल, तर दुसऱ्या ओळीत बहुधा दोन नावे सापडतील आणि पहिलीत एकच. म्हणजे एका उपकरणाचे दावेदार दोन होते आणि ताबा एकाला मिळाला. दुसऱ्याचे काय झाले, आणि हा निवाडा केला कोणी?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका उपकरणाच्या रजिस्टरांत दोन ड्रायव्हरांनी लिहिलेले चालत नाही. एकाने बफरचा पत्ता लिहिला आणि दुसऱ्याने त्यावर स्वतःचा लिहिला, तर यंत्र गोठते, किंवा भलत्याच जागची मेमरी बिघडते. म्हणून लिनक्समध्ये एका उपकरणाला एका वेळी एकच ड्रायव्हर बांधला जातो. नियम एवढाच. तो पाळण्याची रीत कशी घडत गेली, ही मात्र वाचण्यासारखी गोष्ट आहे. कर्नलची संहिता उघडी असल्यामुळे ती कुणालाही वाचता येते, आणि माझ्या मते तिच्यातला सर्वांत सुसंस्कृत भाग ड्रायव्हर ताबा नाकारतो त्या ओळींत आहे.

मुळात दावेदार दोन होतातच का? एखाद्या कंपनीत हा प्रश्न एका बैठकीत मिटला असता: नवा ड्रायव्हर आला, जुना काढून टाका. लिनक्समध्ये ते तितके सोपे नाही. काल चालणारे यंत्र आज कर्नल बदलल्यामुळे बंद पडता कामा नये, हा दंडक लिनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षे लावून धरला आहे. त्यामुळे नवा येतो आणि जुनाही राहतो. हार्ड डिस्कसाठीचा जुना आयडीई विभाग आणि नवा लिबएटीए कित्येक वर्षे शेजारी नांदले. जुना शेवटी २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत काढला गेला. इंटेलच्या नेटवर्क कार्डांचा ई१००० आणि त्यातून फुटून निघालेला ई१०००ई, एएमडीच्या ग्राफिक्सचे रेडिऑन आणि एएमडीजीपीयू, इंटेलच्या ग्राफिक्सचा आय९१५ आणि २०२४ साली ६.८ मध्ये आलेला एक्सई, यूएसबी डिस्कांसाठी यूएसबी-स्टोरेज आणि यूएएस, अशा जोड्या कितीतरी. प्रत्येक जोडीत काही उपकरणांचे क्रमांक दोघांच्याही यादीत येऊन बसले, किंवा निदान काही काळ बसले होते.

आजची रीत २.६ या आवृत्तीबरोबर, डिसेंबर २००३ मध्ये सर्वांच्या हाती आली. त्याआधीच्या २.५ च्या विकासकाळात पॅट्रिक मोशेल यांनी बस, उपकरण आणि ड्रायव्हर अशी त्रयी बसवली. ड्रायव्हर आपल्याबरोबर एक यादी घेऊन येतो: अमुक कंपनीचा अमुक क्रमांक, हे मला चालवता येते. बस ती यादी उपकरणाच्या क्रमांकाशी ताडून पाहते. जुळले, तर ड्रायव्हरचे प्रोब नावाचे फंक्शन बोलावले जाते. प्रोबने शून्य परत केले, की ताबा झाला.

या साध्या मांडणीतली खरी जागा ‘डीडी डॉट सी’ या फाइलमध्ये आहे. एखादे उपकरण आले, की बसवरच्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारणारी फेरी तिथे चालते. त्या फेरीत एक टिपण आहे, आणि कर्नल वाचणाऱ्या माणसाला ते तोंडपाठ असते. प्रोबने दिलेली चूक मनावर घेऊ नये, म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला नशीब आजमावता येईल, असा त्याचा आशय. अधिकृत संहितेत ‘नशीब’ हा शब्द कुणी वापरावा, याचे मला पहिल्यांदा हसू आले होते. पण तो शब्द अगदी नेमका आहे. यादीत नाव असणे हा नुसता अर्ज झाला. हातात घेतल्यावर ड्रायव्हर म्हणू शकतो की हे माझे नाही, आणि तसे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

कमीपणा नाही हे संहितेने किती बारकाईने सांभाळले आहे पाहा. ड्रायव्हर नकार देतो तो एका क्रमांकाने. ईएनओडेव्ह, म्हणजे १९, हा क्रमांक दिला तर अर्थ असा की असे उपकरण मला दिसत नाही. कर्नल तो नकार ऐकते आणि नेहमीच्या नोंदवहीत एक अक्षरही लिहीत नाही; तपासणीची पातळी मुद्दाम वाढवलेली असेल तरच एक ओळ उमटते. बहुतेक इतर चुका आल्या, तर मात्र लाल शाईत नोंद होते: अमुक ड्रायव्हरचा प्रोब अमुक चुकीने फसला. नम्रपणे बाजूला होणे आणि तोंडघशी पडणे, यांत कर्नल फरक करते. २०१२ मध्ये ३.४ या आवृत्तीत ग्रँट लाइक्ली यांनी तिसरा सूर आणला: उपकरण माझेच आहे, पण मला लागणारा वीजपुरवठा किंवा घड्याळ चालवणारा ड्रायव्हर अजून आलेला नाही, तेव्हा मला नंतर विचारा. त्याचा क्रमांक ५१७. नकाराच्या इतक्या छटा असलेली व्यवस्था मी सरकारी पत्रव्यवहारातसुद्धा पाहिलेली नाही.

मात्र एक गोष्ट या फेरीत नाही, आणि तिचे नसणे ठळक आहे: दोघेही हो म्हणणार असतील तर चांगला कोण, हे कोणी विचारत नाही. पहिला हो म्हणतो आणि फेरी संपते.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांनी शेजारच्या घरी डोकावावे. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला एक दर्जा मोजून देते आणि सर्वांत कमी आकडा जिंकतो. ॲपलच्या आय/ओ किटमध्ये प्रोबला गुण मिळतात. फ्रीबीएसडी तर लिनक्ससारखीच मुक्त व्यवस्था, पण तिथे चक्क लिलाव होतो. प्रोब परत करतो तो आकडा म्हणजे बोली: नेमके याच उपकरणासाठी लिहिलेला ड्रायव्हर शून्य म्हणतो, कंपनीने दिलेला उणे १०, नेहमीचा उणे २०, सर्वसाधारण उणे १००. आणि कुणीच घेत नसेल तर उरलेसुरले गोळा करणाऱ्यासाठी उणे दहा लाखांची बोली आहे. तिचे नाव हूवर, व्हॅक्यूम क्लीनरवरून. फ्रीबीएसडीवाल्यांची विनोदबुद्धी मला आवडते, आणि व्यवस्था म्हणूनही ती अधिक समंजस वाटते. मग लिनक्सने तसे का केले नाही? कारण फ्रीबीएसडीत बोली लावणे आणि ताबा घेणे ही दोन वेगळी फंक्शने आहेत. लिनक्सच्या प्रोबमध्ये दोन्ही एकत्र आहेत. हो म्हणेपर्यंत ड्रायव्हरने उपकरण चालू केलेले असते, इंटरप्ट मागितलेला असतो, मेमरी घेतलेली असते. एवढे सगळे झाल्यावर दुसऱ्याची बोली ऐकण्यात अर्थ उरत नाही.

मग पहिला कोण ठरतो? याचे उत्तर फारसे शोभादायक नाही. कर्नलच्या पोटातच बांधलेले ड्रायव्हर असतील, तर बांधणीच्या वेळी ज्या क्रमाने ते जोडले गेले त्या क्रमाने त्यांची पाळी येते. मेकफाइलमधल्या ओळींचा क्रम असा नशिबाचा लेख होतो, आणि म्हणून ड्रायव्हर्स विभागाच्या मेकफाइलमध्ये अमुक विभाग तमुकच्या नंतरच यायला हवा, अशी टिपणे अजून आहेत. जीपीयूचा विभाग कॅरेक्टर उपकरणांच्या नंतर ठेवावा, हे त्यातले एक. मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे नंतर आत घेतलेले ड्रायव्हर, असतील तर गोष्ट आणखी सैल. उपकरण आले की कर्नल त्याच्या क्रमांकांची एक लांब ओळ तयार करते, युडेव्ह ही उपकरणांवर लक्ष ठेवणारी सेवा ती ओळ घेते आणि मॉड्यूल आत घेणाऱ्या मॉडप्रोबच्या यादीत तिच्याशी जुळणारी मॉड्यूल शोधते. जुळणारी दोन असतील तर दोन्ही आत येतात. कोणते आधी नोंदले गेले, यावर ताबा.

इथून पुढे खरी कला सुरू होते. गाभ्यातली व्यवस्था निवाडा करत नाही म्हटल्यावर, जिथे दोन दावेदार आहेत तिथे त्या दोघांना आपसांत काहीतरी रीत पाडावी लागते. मला सर्वांत आवडणारी रीत कीबोर्ड आणि माऊस यांच्या विभागात आहे.

त्याला एचआयडी विभाग म्हणतात. या कुळातले उपकरण स्वतःची ओळख स्वतः सांगते: माझ्याकडे इतकी बटणे, इतके अक्ष, माझा अहवाल अमुक बिटांचा. त्यामुळे एकच सर्वसाधारण ड्रायव्हर जगातले बहुतेक कीबोर्ड चालवू शकतो. पण सगळे नाही. ॲपलच्या कीबोर्डवरच्या ‘एफएन’ कळीला वेगळी वागणूक लागते. लॉजिटेकचा एक छोटा रिसीव्हर सहा उपकरणांशी बोलतो, आणि त्यातले कोणते कुठले हे सोडवावे लागते. वॅकॉमच्या पाटीवर लेखणीचा दाब मोजायचा असतो. यांच्यासाठी खास ड्रायव्हर आहेत. पण सर्वसाधारण ड्रायव्हरची यादी म्हणजे एकच ओळ: कोणतीही बस, कोणतीही कंपनी, कोणताही क्रमांक. तो प्रत्येक उपकरणाचा दावेदार असतो. पहिला येईल त्याचा ताबा, हा नियम इथे तसाच सोडला, तर खास ड्रायव्हरांना कधी पाळीच मिळणार नाही.

२०१८ पर्यंत यावर उपाय होता एका मध्यवर्ती यादीचा. ज्या उपकरणांसाठी खास ड्रायव्हर आहे, त्यांचे शेकडो क्रमांक एचआयडीच्या गाभ्यात लिहून ठेवलेले होते, आणि सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांना शिवत नसे. चालत होते, पण रसिकाला खुपावे असे होते. नवा खास ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या फाइलमध्ये क्रमांक लिहायचा आणि मग गाभ्यातल्या यादीतही लिहायचा. एक राहिले तर ड्रायव्हर असूनही उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे, यादीत नाव आहे पण खास मॉड्यूल जवळ नाही, अशी वेळ आली तर उपकरण अनाथ. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर संगणक सुरू होताना सुरुवातीच्या छोट्या फाइल-संचातूनच परवलीचा शब्द विचारला जातो. त्या संचात खास मॉड्यूल भरायचे राहून गेले, तर कीबोर्ड समोर, जोडलेला, आणि मुका. सर्वसाधारण ड्रायव्हर हजर आहे, त्याला तो कीबोर्ड चालवता येतो, पण यादीने हात बांधलेले.

हेन्रिक रायडबर्ग यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरला बेंजामिन टिसवार यांनी २०१८ च्या ४.१६ आवृत्तीत एक नवे फंक्शन दिले. ते जेमतेम वीस ओळींचे आहे. त्यात चार प्रश्न आहेत. वापरकर्त्याने खास ड्रायव्हर वापरूच नका असे सांगितले आहे का? असेल तर हो, हे माझे. या उपकरणावर खास ड्रायव्हर टाळण्याची खूण आहे का? असेल तरीही हो. खास ड्रायव्हर असल्याची पक्की खूण आहे का? असेल तर नाही. आणि मग चौथा प्रश्न, ज्यासाठी हे सगळे लिहिले: बसवर या क्षणी जितके ड्रायव्हर नोंदलेले आहेत त्या प्रत्येकाला विचार, हे उपकरण तुझ्या यादीत आहे का? एकानेही हो म्हटले, तर मी बाजूला. कोणीच म्हटले नाही, तर मी घेतो.

चौथ्या प्रश्नाच्या आत एक इवलीशी ओळ आहे: विचारताना समोरचा ड्रायव्हर मीच असेन, तर ते उत्तर धरू नये. ती ओळ नसती, तर सर्वसाधारण ड्रायव्हरने स्वतःलाच विचारले असते, स्वतःच हो म्हटले असते आणि स्वतःच्या होकारामुळे माघार घेतली असती. कोणताही साधा कीबोर्ड मग चाललाच नसता.

क्रम आता कसा उलटला आहे पाहा. आधी गाभ्याला सगळ्यांचे क्रमांक माहीत असावे लागत. आता माहिती ज्याची त्याच्यापाशी आहे, आणि सर्वसाधारण ड्रायव्हर फक्त विचारतो. त्या शेकडो क्रमांकांची यादी पूर्ण गेली नाही, पण तिची सक्ती गेली.

तरी अर्धे काम बाकी राहते. खास मॉड्यूल उशिरा आले तर? सर्वसाधारण ड्रायव्हरने विचारले तेव्हा बसवर कोणी नव्हते, म्हणून त्याने कीबोर्ड घेतला. दोन सेकंदांनी खास मॉड्यूल आत आले. हे उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये, एचआयडीच्या गाभ्यात आहे. तिथे नवा ड्रायव्हर नोंदला गेला, की माघारीचे फंक्शन असलेल्या ड्रायव्हरकडची उपकरणे पुन्हा तपासली जातात: तुझ्याकडे असलेले हे उपकरण, नव्या परिस्थितीत तुला अजून तुझे वाटते का? नाही म्हणाला, तर ताबा सुटतो आणि जुळणी नव्याने होते. खास मॉड्यूल काढून टाकले तर उलटे घडते. बस पुन्हा फिरून बघते आणि पोरके झालेले उपकरण सर्वसाधारण ड्रायव्हर परत उचलतो. लग्नघरात दारात उभे राहून येईल त्याला पाणी देणारा आणि ज्याचा पाहुणा तो पुढे आला की ‘या, तुमचेच आहेत हे’ म्हणत मागे सरकणारा एखादा जुना माणूस असतो, तशी या ड्रायव्हरची वागणूक आहे. कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्द आता टाइप करता येतो, आणि डेस्कटॉप येईपर्यंत ‘एफएन’ कळही शहाणी झालेली असते. मधला बदल कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता पहिल्या परिच्छेदातल्या ध्वनीच्या उपकरणाकडे. इथली रीत वेगळी आहे, आणि मला ती थोडी कमी आवडते, पण तिची अडचणही मोठी होती. इंटेलच्या चिपसेटमध्ये ध्वनीचा एक भाग जुन्या एचडी ऑडिओ पद्धतीने चालतो. स्कायलेक पिढीपासून त्याच उपकरणाच्या पोटात एक स्वतंत्र ध्वनिप्रक्रियकही असतो. लॅपटॉप बनवणारे हल्ली डिजिटल मायक्रोफोन थेट त्या प्रक्रियकाला जोडतात. जुना ड्रायव्हर प्रक्रियकाशी बोलत नाही. परिणाम असा, की स्पीकर वाजतो, गाणी ऐकू येतात, सगळे ठीक वाटते. पण बोलायला गेलात तर समोरच्याला काहीच ऐकू जात नाही. नवा ड्रायव्हर, साउंड ओपन फर्मवेअरचा (एसओएफ), प्रक्रियकाशी बोलतो. पण साध्या यंत्रांवर, जिथे डिजिटल मायक्रोफोन नाहीत, तिथे जुनाच वर्षानुवर्षे घासून पुसून लख्ख झालेला आहे. उपकरणाचा पीसीआय क्रमांक मात्र दोन्हीकडे एकच. क्रमांक बघून निवडता येत नाही.

आल्सा या ध्वनिव्यवस्थेचे जनक यारोस्लाव्ह किसेला यांनी २०१९ मध्ये यासाठी एक स्वतंत्र फाइल लिहिली. ती ड्रायव्हर नाही. दोन्ही ड्रायव्हर आपल्या प्रोबमध्ये तिला विचारतात: हे उपकरण कोणाचे? उत्तर आपले नसेल, तर ईएनओडेव्ह देऊन निघून जातात. ती फाइल वाचताना एखाद्या जुन्या वैद्याची तपासणी वाचल्यासारखे वाटते. आधी, इंटेलचे नसेल तर माझा संबंध नाही. मग, वापरकर्त्याने स्वतः निवड सांगितली असेल तर त्याचे ऐकावे. मग, उपकरण स्वतःला कोणत्या वर्गातले म्हणवते? काही वर्गांत प्रक्रियक नाही हे उघडच असते, तिथे जुना. मग पिढ्यांची एक लांब यादी, आणि तिच्यात अटी: डिजिटल मायक्रोफोन असतील तरच नवा, साउंडवायर ही जोडणी असेल तर नवा, आणि गूगलची क्रोमबुके असतील तर पुन्हा वेगळे. मायक्रोफोन आहेत की नाहीत हे कळते फर्मवेअरने ठेवलेल्या एका तक्त्यातून. सापडले, की नोंदवहीत एक ओळ पडते: डिजिटल मायक्रोफोन मिळाले, एसओएफ ड्रायव्हर वापरत आहे. एका ओळीत लक्षण आणि निदान, दोन्ही.

माझी तक्रार दोन गोष्टींची. पिढ्यांची ती यादी दरवर्षी लांबत जाते. इंटेलने नवी चिप काढली की नवी ओळ. हे काम कधी संपणार नाही. आणि दुसरी, जास्त मोठी: निवाडा होतो तेव्हा नव्या ड्रायव्हरला लागणारी फर्मवेअरची फाइल डिस्कवर आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. फाइलचे पॅकेज बसवायचे राहिले असेल, तर जुन्याने नम्रपणे माघार घेतलेली असते, नवा पुढे येतो आणि उभा राहू शकत नाही. मग स्पीकरही गेला आणि मायक्रोफोनही. एचआयडीच्या रीतीत पुढच्याचे मॉड्यूल काढले तर उपकरण परत घेण्याची सोय आहे. इथे ती नाही. माघार घेणारा सभ्य असून भागत नाही, पुढे येणाऱ्याची तयारी आहे का हेही पाहावे लागते.

यूएसबी डिस्कांची जोडी याहून सुटसुटीत. यूएएस हा वेगवान ड्रायव्हर आणि यूएसबी-स्टोरेज हा जुना, यांनी एकच हेडर फाइल वाटून घेतली आहे. ही डिस्क यूएएसला पेलेल का, हे ठरवणारे फंक्शन त्या हेडरमध्ये. दोघेही तेच चालवतात. एक हो समजतो तेव्हा दुसरा नाही समजतो. दोघांचे उत्तर जुळणारच, कारण प्रश्न आणि हिशोब एकच आहे. एखादी डिस्क यूएएसखाली गडबडत असेल, तर तिचा क्रमांक आणि ‘यू’ हे अक्षर यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स पर्यायात लिहायचे. दोघेही ते वाचतात आणि जुना पुढे येतो.

ग्राफिक्सवाल्यांना इतका नाजूकपणा परवडत नाही. आय९१५ आणि एक्सई यांच्यात टायगर लेक आणि त्यानंतरच्या काही पिढ्यांचे क्रमांक समाईक आहेत. तिथे वापरकर्त्याला फोर्स-प्रोब नावाचा पर्याय दिला आहे. एकाला क्रमांक द्या, म्हणजे तो घेईल. दुसऱ्याला त्याच क्रमांकाआधी उद्गारचिन्ह लावून द्या, म्हणजे तो सोडेल. दोन्ही करावे लागते. एएमडीच्या टाहिटी, पिटकेर्न वगैरे बेटांची नावे असलेल्या चिपांनाही असेच दोन पर्याय आहेत, एक रेडिऑनला माघार घ्यायला सांगणारा आणि एक एएमडीजीपीयूला पुढे बोलावणारा. उद्गारचिन्हाचा वापर मला आवडतो. नकार लिहायला इतकी कमी शाई लागते.

राहिली ती प्रसिद्ध आणि बदनाम रीत: ब्लॅकलिस्ट. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने नूव्हो या मुक्त ड्रायव्हरचे नाव मॉडप्रोबच्या त्या यादीत कधी ना कधी लिहिलेले असते. लोकांना वाटते, यादीत नाव लिहिले की ड्रायव्हर बंद. तसे नाही. उपकरणाच्या क्रमांकावरून आपोआप येण्याची वाट तेवढी बंद होते. कोणी नाव घेऊन बोलावले, किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज पडली, तर तो आत येतोच. आणि सुरुवातीच्या फाइल-संचात जुनी यादी राहिली असेल, तर डिस्कवरची नवी यादी वाचली जाण्याआधीच नूव्होने पडदा ताब्यात घेतलेला असतो. हे दाराला बाहेरून लावलेले कुलूप आहे आणि खिडकी उघडी. या रीतीत ड्रायव्हरला काही विचारलेले नसते, उपकरणालाही नाही. गरजेपोटी सगळे वापरतात, मीही वापरतो; पण तिच्यात वाचण्यासारखे काही नाही.

वापरकर्त्याच्याच हाती निर्णय द्यायचा, तर ॲलेक्स विल्यमसन यांनी २०१४ च्या ३.१६ आवृत्तीत आणलेली सोय कितीतरी सरस आहे. त्यांचे काम आभासी यंत्रांना खरे पीसीआय कार्ड देण्याचे. त्याआधी त्या कामासाठीच्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला नवा क्रमांक शिकवावा लागे, आणि मग त्याच क्रमांकाचे दुसरे मोकळे कार्ड यंत्रात असेल, तर तेही तो उचलू शके. आता प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या सिसएफएस फोल्डरात ड्रायव्हर-ओव्हरराइड नावाची एक फाइल असते. तिच्यात ड्रायव्हरचे नाव लिहिले, की याच एका उपकरणापुरते बाकी सगळ्या याद्या रद्द. पीसीआयच्या जुळणीत सर्वांत आधी हे नाव पाहिले जाते. नाव दुसऱ्याचे असेल तर ड्रायव्हरला स्वतःची यादी दाखवायची संधीसुद्धा मिळत नाही. हुकूम आहे, पण नेमक्या पत्त्यावर दिलेला.

तुलना करायचीच तर माझा निकाल असा. ओव्हरराइड सर्वांत प्रामाणिक, यूएएसचे समाईक हेडर सर्वांत काटकसरी, इंटेलच्या ध्वनीची फाइल सर्वांत कष्टाळू आणि अपुरी, ब्लॅकलिस्ट सर्वांत ओबडधोबड. एचआयडीच्या सर्वसाधारण ड्रायव्हरला मात्र मी या सगळ्यांच्या वर ठेवतो, कारण त्याची माघार परिस्थितीप्रमाणे बदलते आणि परतही घेता येते. ती फाइल शंभरेक ओळींची आहे, आणि सी भाषेचे पहिले वर्ष झालेल्या कोणालाही एका बैठकीत वाचता येते. कर्नलच्या संहितेत ड्रायव्हर्स, त्यात एचआयडी, त्यात ‘एचआयडी-जेनेरिक’ या नावाने ती सापडेल. वाचून झाली की त्याच फोल्डरातली ‘एचआयडी-कोअर’ही उघडा, उशिरा आलेल्याला जागा कशी करून देतात, ते तिथे लिहिलेले आहे.